चार नंबरचा दगड

ट्रॉलीत मधोमध मांडी घालून बसलेल्या ज्योतीनं आंबिलीचं मडकं दोन्ही गुडघ्यांत गच्च धरलं होतं. आंबील सांडली की तिचा आंबूस वास दोन दिवस लुगड्याचा पिच्छा सोडत नाही, हे तिला पंचवीस येळवशींनी शिकवलं होतं. पुढं तिचा नवरा राम ट्रॅक्टर चालवत होता, मडगार्डवर दीर धनराज बसला होता, आणि गाव सोडल्यापासून दोघा भावांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. ट्रॅक्टरच्या आवाजात कोण बोलतं, असं म्हणायची सोय होती, एवढंच बरं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं मंठाळ गाव रानात जेवतं. गावात उरतात ती कुत्री, आणि तीही दुपारपर्यंत भज्जीच्या वासानं शेतं गाठतात. ट्रॉलीत बाजरीचे उंडे होते, तिळाच्या पोळ्या होत्या, भज्जीचं, म्हणजे पालेभाज्या-शेंगांच्या मिसळीचं, पातेलं होतं. अशा दिवशी माणसाचं तोंड गोड असावं. ज्योतीच्या सासऱ्यांच्या, अंकुशरावांच्या, घरातली तोंडं मात्र पंधरा दिवसांपासून कडू होती.

पंधरा दिवसांपूर्वी एक पांढरी जीप आली. चार पोरं उतरली, तिकाटण्यावर दुर्बीण बसवली आणि अंकुशरावांच्या खालच्या रानातून एक आडवी रेघ धरली. जवळच्या लोखंडी खुंट्या संपल्या, तेव्हा बांधावरचेच नारळाएवढे गोल दगड उचलून त्यांच्यावर लाल रंगानं आकडे काढले, एक ते सात, आणि ओळीनं ठेवून दिले. मोठा रस्ता होणार, हैदराबादकडून येणार, एवढंच बोलले. कधी? 'देखेंगे.' इथूनच? 'अभी पक्का नहीं.' जीप गेली ती गेलीच.

रस्ता अजून कागदावरसुद्धा आला नव्हता, पण घरात भांडण येऊन बसलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण तुरीच्या मुलखातल्या माणसांना तरी कळायला हवी होती. पण म्हणी दुसऱ्याच्या घरासाठी असतात.

धनराजचं बीदरला मोटारपंपाचं दुकान. तिथं त्याला एक माणूस भेटला होता, खालचं रान आत्ताच्या आत्ता घ्यायला तयार असलेला. आज सकाळी घरी आल्यावर चपला काढायच्याही आधी धनराजनं ज्योतीला सांगितलं होतं, "वैनी, सांजच्याला त्याला शब्द द्यायचाय. इकायचं तर इकू. न्हाईतर माझा वाटा येगळा करा. तुमी मोकळे, मी मोकळा." त्याची बायको सोबत आली नव्हती. ती औरादला माहेरच्या येळवशीला गेली होती, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानं हे ज्योतीला सांगितलं, कारण कारभार तिच्याकडं होता. मागच्या पाडव्याला अंकुशरावांनी दोन्ही लेकांसमोर शेताच्या कागदांची पत्र्याची पेटी उचलली आणि थोरल्या सुनेच्या पुढ्यात ठेवली. का, ते सांगितलं नाही. धनराज त्या दिवशी न जेवता बीदरला परत गेला. ज्योती गावच्या अंगणवाडीची टीचर, वीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळलेली बाई. आता घर फुटलं तर ते तिच्या कारभारात फुटणार होतं. लोक काय म्हणतील त्याचं तिला फार नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा धनराज दहावीत होता आणि त्याचा शाळेचा डबा तिनं भरला होता. त्या पोराचा वाटा काढून द्यायचा, हे तिच्या जिवावर आलं होतं.

शेतात अंकुशराव आधीच पोचले होते. नात स्नेहा, ज्योतीची लेक, हैदराबादहून सुट्टीवर आलेली, तिनं त्यांना स्कूटीवरून आणलं होतं. लिंबाखाली कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती, वर शाल पांघरलेली. आत पाच पांडव, म्हणजे चुन्यानं रंगवलेले पाच दगड. हे काम दरवर्षी आदल्या दिवशी अंकुशराव एकटे करायचे, आणि त्यात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. वय अठ्ठ्याहत्तर झालं तरी.

ज्योतीनं मडकं खाली ठेवलं न ठेवलं तोच बांधावरून हाक आली.

"राम! ए राम! चार नंबर कुटं हाय?"

लिंगराज शेजारच्या रानाचा मालक. आईकडून कानडी, बाजारातून मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. धोतराचा सोगा हातात धरून तो तरातरा आला. "तीन हाय, पाच हाय, चार न्हाई! काल सकाळी हुता, माज्या डोळ्यानं बगितलो. चारपाशी रेघ वळते, चार काडला की सरळ माज्या हिरीवर येते. येनप्पा, काय हे, शेजारी मनून असं करावं?"

त्याच्या विहिरीला गेल्याच उन्हाळ्यात पाणी लागलं होतं. सत्तर फुटांवर. गावाला त्यानं पेढे वाटले होते.

"आमी कामून हात लावताव दगडाला?" राम म्हणाला खरा, पण म्हणता म्हणता त्याची नजर धनराजकडं वळली. नजरच ती, पण धनराजला तेवढी पुरली.

"माझ्याकडं काय बघायलास? रान इकायला निघालेला माणूस दगूड उपटून काय करंल? रस्ता तुला नको हाय!"

"मंजी मी चोर?"

"मी तसं मनलो का?"

"मग कसं मनलास?"

लिंगराज दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. भांडायला तो आला होता आणि भांडण दुसऱ्यांनीच पळवलं होतं. लिंबाखाली बसलेले अंकुशराव काठी जमिनीवर टेकवून नुसतेच ऐकत होते.

अंगणवाडीत दोन लेकरं एका खेळण्यावरून झोंबत असली, तर खेळणं कुणाचं हे आधी विचारायचं नसतं. विचारलं की तिसरंही रडायला लागतं. ज्योतीनं घागरीतून तांब्या भरला आणि लिंगराजच्या समोर धरला.

"अण्णा, पानी घ्या. बसा आधी."

"बसायला न्हाई आलो, टीचर."

"उभ्यानं पेलं तर ठसका लागंल. बसा."

तो बसला. अर्धा तांब्या पाणी घशाखाली गेल्यावर तिनं विचारलं, "झोप कवापासून न्हाई तुमाला?"

लिंगराजनं चमकून वर बघितलं. कुणीतरी विचारावं म्हणून जणू थांबलेलाच होता. "पंद्रा दिवस, अक्का. डोळा लागला की सपनात जीप येते. हिरीत माती लोटायलेत मनून दिसतं. बायकोला सांगितलो तर ती मनते, पित्त झालंय तुमाला."

"आमच्या घरात बी सगळ्यालाच पित्त झालंय." लिंगराज नाइलाजानं हसला. ज्योती त्याच्यासमोर मातीतच बसली. "हे बघा अण्णा. दगूड कुणी नेला मला ठावं न्हाई. पण आमच्या रानातून गेलाय, तवा जाब आमचा. तुमच्या हिरीकडं रेघ ढकलून आमच्या घशाखाली भाकर उतरंल का? पूजा हूंद्या. मग दोन्ही घरं मिळून हुडकू. न्हाई सापडला तर मोजणीवाल्याला मी फोन लावते, तुमच्या म्होरं."

"काय सांगशीला त्याला?"

"दगूड हरवला मनून सांगते. खरंच हाय की."

लिंगराजनं तांब्या खाली ठेवला. "बरं. पूजेपर्यंत थांबतो."

"जेवणापर्यंत थांबा. येळवशीला बांधावरून उपाशी गेलात तर आमाला पाप लागंल."

ज्योती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. दगड रामनं काढला असता तर? नवऱ्याचा स्वभाव ती ओळखत होती. रागात तो काहीही करील, पण लपवणार नाही. धनराज लपवील, पण दगडाला हात लावायला तो काल इथं नव्हताच. मग कोण?

"भावजी," तिनं घागर उचलली, "पानी आणू लागा जरा."

दोघं विहिरीकडं निघाली. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, चालताना पायांना खुळखुळ लागत होत्या. धनराजनं दोर सोडला. मोटारपंप विकणारा माणूस, पण पोहऱ्यानं पाणी शेंदताना त्याचे हात अजून शेतकऱ्याचेच होते.

"त्या माणसाला रान कामून इकावं वाटायलंय तुमाला?" ज्योतीनं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. "दुकान तर चांगलं चालायलंय."

"पैशाचं न्हाई, वैनी."

"ते मला दिसायलंय. मनून तर इचारायलेय."

धनराज पोहरा ओढत राहिला. पाणी घागरीत ओतलं, दुसऱ्यांदा सोडला. मग विहिरीत बघतच म्हणाला, "रेघ कुटून गेलीय, बघितलाव का? सगळी खालच्या रानातून. वरच्या रानाला धक्का न्हाई."

"मग?"

"मग खालचं रान कुणाचं? माझं."

"कुणी सांगितलं? वाटण्या झाल्याच न्हाईत आपल्या."

"दादानं सांगितलं." आता तो वळला, आणि चाळिशी ओलांडलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर ज्योतीला दहावीतला पोरगा दिसला. "जीप आली त्या दिवशी मी फोन केलो. मनलो, दादा, आता कसं करावं? तर मनला, 'जायलंय ते खालचं रान, तुझ्या वाट्याचं. तुझं तू बघ.' आन् ठिवला फोन. पाडव्याला अप्पानी पेटी दिली तवाच कळलं हुतं मला, मी पाव्हना हाय हितं. पाव्हन्याला रान कशाला? हाय तवर इकून मोकळं हुतो. रस्ता आल्यावर हात हलवत बसू का?"

हे ज्योतीला माहीत नव्हतं. पंधरा दिवस ती धनराजच्या हव्यासाशी झगडत होती, आणि तिथं हव्यास नव्हताच. तिला स्वतःचाच राग आला. लेकरू रडतंय कशानं, हे वीस वर्षं दुसऱ्या बायकांना समजावून सांगणारी ती, आणि आपल्याच घरात कान झाकून बसली होती.

"ह्यांनी मला ह्यातलं काई सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "आन् मी बी इचारलं न्हाई तुमाला. दोन येळा फोन केला, दोन येळा भावच इचारले बाजाराचे. चुकलं माझं, भावजी."

परतताना भरलेली घागर धनराजनं तिला उचलू दिली नाही.

राम कोपीपाशी नारळ सोलत होता. ज्योती त्याच्याजवळ जाऊन आंब्याची पानं पुसायला लागली. लांबून बघणाऱ्याला नवरा-बायको पूजेचं बघतायत असंच वाटलं असतं.

"आवो, जीप आली त्या दिवशी भावजीला फोनवर काय मनलाव तुमी?"

नारळाच्या शेंडीत रामची बोटं अडकली. "काय मनलो? काई न्हाई."

"आठवून बघा."

"रागात माणूस काईबी बोलतंय."

"खरं हाय. पण ऐकणारा ते घरी नेऊन रोज बघतंय."

राम सोललेला नारळच पुन्हा सोलत बसला. शेवटी म्हणाला, "भ्यालो हुतो गं. त्याला दुकान हाय. मला काय हाय? नांगर सुटला हातातून तर मला कोण इचारंल? लिंबाखाली बसून गप्पा हाणणाऱ्यात बसू? ते भ्या त्याच्यावर काडलो. जवळ फोनच हुता."

ज्योतीनं त्याच्या हातातून नारळ घेतला. "मला सांगितलाव ते त्यांना सांगा."

"येवढ्या लोकात?"

"पूजेच्या आधी का नंतर, आज का उद्या, ते तुमी ठरवा. मी फकस्त सांगितलं." आणि ती खरंच तिथून उठली. मागं वळून बघायची तिला फार इच्छा झाली, पण बघितलं असतं तर राम बोलला नसता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

ऊन डोक्यावर आलं. सगळे कोपीसमोर बसले. लिंगराजही बसला, थोडा बाजूला. स्नेहानं शाल बाजूला केली. आत पाच पांडव एका ओळीत, पांढरेशुभ्र. अंकुशरावांनी काठी ठेवली, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. नारळासाठी त्यांनी हात पुढं केला तो जरा जास्तच बाजूला गेला. ज्योतीनं नारळ सरकवून त्या हातात दिला. ही सरकवासरकवी ती काही महिन्यांपासून करत होती. पाण्याचा पेला, चष्मा, काठी. कुणाला दिसू नये अशा बेतानं.

नारळ फुटला. रामनं वाटीनं आंबील घेऊन पांडवांवर सोडली. ताकाची ती दाट धार पाचव्या दगडावरून ओघळली. चुना अजून कच्चा होता. आंबिलीबरोबर तो निघाला, आणि त्याच्याखालून लाल रंग वर आला.

"आई," स्नेहा पुढं वाकली, "ह्या पांडवाला नंबर हाय!"

"कसला नंबर?"

लिंगराज गुडघ्यावर रांगत आला. बोटानं उरलेला चुना पुसला. "अय्यय्यो! चार! माजा चार नंबर!" मग त्यानं बोटं मोडत मोजलं. "धर्मराज, भीम, अर्जुन, नकुल, आन् ह्यो सहदेव. अरे, पाचव्याला चार नंबर दिलाव की!"

पहिली स्नेहा फुटली. मग धनराज, मग राम. आणि ज्योतीही पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. अख्खं रान ज्याच्यावरून एकमेकांना चोर म्हणत होतं तो दगड देवात बसून हळद-कुंकू खात होता. लिंगराज तर मांडीवर थापा मारत होता.

हसत नव्हते ते एकटे अंकुशराव.

"कशाला हसायलाव?" त्यांनी विचारलं. "काय झालं?"

"अप्पा, मोजणीचा दगूड तुमीच उचलून आणलाव की!" धनराज डोळे पुसत म्हणाला.

"एक पांडव रोटाव्हेटरखाली फुटला हुता ह्या वर्षी. मनून चांगला गोल बघून एक आणलो."

"आवो पण त्याच्यावर येवढा तांबडा आकडा! दिसला न्हाई व्हय तुमाला?"

हसू एकदम थांबलं. प्रश्न धनराजच्या तोंडून निघाला आणि निघाल्यावर त्याचा त्यालाच ऐकू आला.

ज्योतीच्या ओठावर उत्तर तयार होतं. अंधार पडला असंल, चिखल लागला असंल, काहीही. इतके महिने तिनं हेच केलं होतं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली. ही गोष्ट त्यांची होती. झाकायची का उघडायची, तेही त्यांनीच ठरवायचं होतं. तिनं फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई दिसला," अंकुशराव म्हणाले. मग काठी चाचपत, "वरीस झालं. ज्वारी दिसती, कणीस दिसंना. माणूस आल्याला कळतंय, कोण ते आवाजावरून वळखतो. पेटीतले कागद हातात घेतलो तर निस्ता पांढरा कपडा."

"मनून पेटी वैनीला..." धनराज बापाजवळ सरकला. "मला कामून सांगितलाव न्हाई, अप्पा?"

"तुला सांगितलो असतो तर दुकान मोडून आला असतास. तू तसाच हाईस. तुझी माय गेली ती तुझ्या दुकानाची पाटी बघून गेली. ते मोडू कसं देऊ? ज्योती जवळ हुती, तिला दिलो." त्यांनी धनराजच्या दिशेनं हात केला, आणि या वेळी तो बरोबर पोचला. "तुला वगळलो न्हाई रे. तुला राखलो."

धनराज बापाचा हात धरून तसाच बसला. नाक ओढत होता, लहान पोरासारखं, आणि कुणी त्याला चिडवलं नाही.

"हैदराबादला दाखवू अप्पा, पुढच्या आठवड्यातच," स्नेहा म्हणाली.

"दिसंल का पुन्हा?" म्हाताऱ्यानं विचारलं, पण नातीला नाही, ज्योतीला.

खोटं बोलणं सोपं होतं. "ठावं न्हाई, अप्पा. दाखवू. काय मनतेत ते सगळे मिळून ऐकू."

अंकुशरावांनी मान हलवली. त्या उत्तरानं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

रामनं आंबिलीची वाटी खाली ठेवली. दोनदा खाकरला. "धन्या."

"काय?"

"फोनवर मी मनलो हुतो... खालचं रान तुझं, तुझं तू बघ मनून." तो भावाकडं बघत नव्हता, चार नंबरच्या पांडवाकडं बघत होता. "ते चुकलं माझं. रानाला खालचं-वरचं नसतंय. गेलं तर दोघाचं जाईल. ऱ्हायलं तर दोघाचं ऱ्हाईल. भ्यालो हुतो मी."

"हे पंद्रा दिस आधी मनायला काय झालतं?"

"जीभ उचलंना."

"तुझी जीभ," धनराज म्हणाला, "चांगल्या कामाला कवा उचललीय?" पण ते भांडण नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

राहता राहिला दगड. धनराज त्याला उचलायला गेला तर लिंगराजनंच त्याचं मनगट धरलं. "थांब की! नारळ फुटला, हळद लागली. देव झाला त्यो. देवाला काय रस्त्यावर निऊन ठिवतोस?"

"मग तुमची हीर, अण्णा?"

लिंगराज डोकं खाजवत बसला. ज्योतीनं ठरल्याप्रमाणं मोजणीवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. सणाच्या दिवशीही त्यानं उचलला. दगड चुकून देवात गेल्याचं ऐकून पलीकडचा पोरगा आधी हसला आणि मग म्हणाला, "गया तो जान्दो, अम्मा. उधर दूसरे गाँव से भी नापे हैं. इधर फिर से नापनाच है."

"पक्का कवा हुईल बाबा?"

"वो तो साब को भी नै मालूम."

फोन बंद झाला. सात दगडांवरून पंधरा दिवस झोपा उडवून बसलेली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. पक्कं काही कळलं नव्हतं. रस्ता अजूनही येणार होता किंवा नव्हता.

"ऐका," ज्योती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. अंगणवाडीतही चढत नसे. "कारभारीण मनून एकच सांगते. ठावं नसताना इकायचं न्हाई, आन् भेवून वाटायचं न्हाई. परत जीप आली तर लिंगराजअण्णा बी बोलवायचे, दोन्ही घरानी मिळून बोलायचं. आन् भ्या वाटलं तर एकमेकाला सांगायचं, फोन ठिवायचा न्हाई. कुणाला पटलं न्हाई तर आत्ता मना. घरी जाऊन भिंतीला नको."

अंकुशराव म्हणाले, "भूक लागलीय."

जेवणं झाली. भज्जी संपली, उंडे संपले, लिंगराजनं खिरीला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा वाटी पुढं केली. उन्हं कलली तशी आंबील शिंपायची वेळ झाली. घरच्या कर्त्यानं मडकं खांद्यावर घेऊन रानाला वळसा घालायचा, चारी बांधांवर आंबील शिंपायची आणि 'ओलगे, ओलगे' म्हणून हाळी द्यायची. मागून दुसऱ्यानं तीच हाळी झेलायची. चाळीस वर्षं हे अंकुशरावांनी केलं होतं. यंदा मडकं रामच्या खांद्यावर जाणार, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. रामनं सदऱ्याच्या बाह्या वरही सारल्या होत्या.

ज्योतीनं मडकं उचललं आणि धनराजच्या समोर नेलं.

"मी?" तो म्हणाला.

"खालच्या रानाकडून सुरू करा."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. बीदरचा माणूस, संध्याकाळच्याही आधी. धनराजनं नाव बघितलं, रामकडं बघितलं, आणि फोन स्नेहाच्या हातात दिला. "सांग त्याला, काका रानात हाय. आज इकायचं काई न्हाई." मग त्यानं मडकं खांद्यावर घेतलं. थोडी आंबील सांडली आणि त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावरून ओघळली. ज्योतीच्या मनात आलं, आता दोन दिवस दुकानात वास येईल. येऊ दे.

अंकुशराव लिंबाला टेकून उभे होते. ज्योती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"कोण गेला गं?"

"धनराजभावजी."

म्हातारा लिंबाचा टेका सोडून सरळ झाला. मग, "कुटवर गेला?"

"हिरीपाशी... तीन नंबरच्या दगडापाशी आलेत."

"पुढं?"

"चार नंबर हुता तितं थांबलेत." ज्योतीनं डोळ्यांवर हात धरला. "शिंपले. पलीकडं लिंगराजअण्णाच्या रानात बी शिंपले. निघाले."

"मागं कोण हाय झेलायला?"

ज्योतीनं वळून बघितलं. राम मघापर्यंत शालीची घडी घालत बसला होता. आता शाल तशीच अर्धवट पडली होती, आणि राम तिथं नव्हता. खालच्या अंगाला ज्वारी पुरुषभर उंच उभी होती, आणि धनराज चालता चालता तिच्यात शिरला. आधी सदरा गेला, मग मडकं.

"आता गं?"

"आता दिसंना, अप्पा."

"मला बी," अंकुशराव म्हणाले, आणि दोघंही हसली.

मग म्हाताऱ्यानं हात वर करून तिला गप्प केलं आणि मान ज्वारीकडं वळवली. आतून हाळी आली, "ओलगे! ओलगे!" आणि तिच्या पाठोपाठ, जवळून, धापा टाकत दुसरी.

"ज्योती," अंकुशराव म्हणाले, "दोघं हाईत."